नववी खेळी

कोंढव्याच्या बसमध्ये जागा मिळाल्यावर महिपतीने आठही खेळ्या पुन्हा एकदा मनातल्या मनात खेळून पाहिल्या. आठव्या खेळीपर्यंत त्याला काळजी नव्हती. नवव्या खेळीला करीम काय करतो, एवढंच बघायचं होतं.

करीमचा नाना पेठेत टाइपरायटर दुरुस्तीचा गाळा होता आणि महिपती खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. दर रविवारी त्या गाळ्यात दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडायचा. अरे-तुरेची मैत्री, शिव्याही हक्काच्या. करीमला जिंकण्यापेक्षा डावाच्या सुरुवातीचा नाद जास्त, आणि त्यातही फ्रेंच बचावाचा. काळ्याने राजापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं आणि पांढऱ्याला अंगावर येऊ द्यायचं. बचाव भक्कम, पण त्यात एक खोट. काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. त्याला बाहेर कसं काढायचं यात करीमने अख्खा पावसाळा घालवला आणि एका रविवारी त्याला उत्तर सापडलं. नवव्या खेळीला राजापुढचं प्यादं आणखी पुढे ढकलायचं आणि फुकट मरू द्यायचं. समोरच्याने ते मारलं की वाट मोकळी होते आणि उंट सुटतो.

"कुणाला बोलू नकोस," करीम म्हणाला होता. "स्पर्धेत काढणार आहे ही."

स्पर्धा कोथरूडमधल्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीने भरवली होती. पहिलं बक्षीस कॉम्प्युटर. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर पोचले नव्हते, पण कचेऱ्यांमधून टाइपरायटर मात्र हद्दपार होऊ लागले होते. तो कॉम्प्युटर मिळाला असता तर करीमचा गाळा तरला असता. गडी अंतिम फेरीपर्यंत पोचलाही.

आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर करीमचा प्रतिस्पर्धी, एक चष्मेवाला इंजिनियर, महिपतीशी अदबीने बोलायला आला. काका, तुमचा अनुभव मोठा, तुमच्याकडून शिकायला हवं, वगैरे. महिपती हरभऱ्याच्या झाडावर चढला. आपल्यालाही सुरुवातीच्या डावपेचांतलं कळतं हे दाखवण्याच्या भरात त्याने नववी खेळी सांगून टाकली. लोभ नाही, वैर नाही, नुसती बढाई. शहाण्यासुरत्या माणसाने इतकं मूर्ख व्हावं!

दुसऱ्या दिवशी त्या पोराने ते प्यादं मारलंच नाही. करीम हरला. हात मिळवून झाल्यावर पोराने सगळ्यांदेखत महिपतीचे आभार मानले. करीमने महिपतीकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेला.

माफी मागायला महिपती बऱ्याचदा नाना पेठेत गेला आणि दर वेळी कोपऱ्यावरून परतला. विमलाबाई, त्याची बायको, एकदा त्याला म्हणालीही, की पटावर तुम्हाला दहा खेळ्या पुढचं दिसतं म्हणे, मित्राचं दार तेवढं दिसत नाही. एक दिवस तो तिथे गेला तर गाळ्यावर मोबाइल रिचार्जची पाटी. मग त्याने जाणंच सोडलं. नोकरी संपली, केस पिकले, पण तो सल काही गेला नाही.

आणि गेल्या आठवड्यात करीमच्या मुलीचा, नजमाचा फोन आला. ती आता आयटीत होती आणि करीम कोंढव्यात तिच्याकडेच राहत होता. "अब्बा रोज तुमचं नाव काढतात, काका," ती म्हणाली. "जमलं तर लवकर या."

नाव काढतो म्हणजे शिव्या देत असणार, असं महिपती धरून चालला. तरी जायचं त्याने ठरवलं. पांढऱ्या सोंगट्या आपण घ्यायच्या, आठ खेळ्या त्या जुन्याच वाटेने न्यायच्या आणि नववी खेळी करीमवर सोडायची. त्याने प्यादं पुढे केलं तर त्याच्या मनात अजून आपल्याला जागा आहे. नाही केलं तर उठून घरी यायचं.

नजमाने दार उघडलं. "काका, आत जायच्या आधी एक सांगायचं होतं."

"ठाऊक आहे पोरी मला सगळं," महिपती म्हणाला. "चूक माझीच आहे." ती पुढे बोलेपर्यंत तो चपला काढून आत गेलाही होता. तिचं ऐकून घेतलं तर आपण पुन्हा परत फिरू, अशी त्याला भीती वाटत होती.

करीम खिडकीपाशी पट मांडून बसला होता. वाळला होता, पण दाढी नीट कातरलेली आणि कपडे स्वच्छ. त्याने वर पाहिलं.

"या, बसा," तो म्हणाला.

अरे-तुरे गेलं होतं. पुण्यात माणूस मनापासून रागावला की आदराने बोलतो, हे महिपती जाणून होता. निमूटपणे त्याने पांढऱ्या सोंगट्या आपल्याकडे घेतल्या.

करीमचा हात एकदाही अडखळला नाही. जुन्या वाटेवरून ते आठव्या खेळीपर्यंत आले. नजमा चहा ठेवून तिथेच उभी राहिली. करीमने क्षणभर पट न्याहाळला आणि राजापुढचं प्यादं अलगद पुढे ढकललं.

महिपतीचे डोळे भरून आले. त्याने ते प्यादं मारलं.

"माझं चुकलं रे," तो म्हणाला. "फार चुकलं."

"चुकलं नाही," करीम शांतपणे म्हणाला. "कुणीही हेच केलं असतं."

इतकी वर्षं उरावर असलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं महिपतीला झालं. त्याने उपरण्याने डोळे पुसले. करीमने उंट बाहेर काढला, खुशीत मान डोलवली आणि पटावरून वाकून आवाज खाली आणला.

"चांगलं खेळता तुम्ही. पण ही खेळी बाहेर कुठे बोलू नका. स्पर्धेसाठी राखून ठेवली आहे. फक्त आमच्या महिपतीला माहीत आहे, आणि तो जीव गेला तरी कुणाला सांगायचा नाही."