उरलेलं रबर

"मामा, कपाला हे काय चिकटवलंय? खाऊन थुंकलेलं च्युइंगम?"

बालाजीने कप दोन बोटांत लांब धरला. कपाचा कान निळ्या रबराचा होता. मळून चिकटवलं की दिवसभरात घट्ट होणारं रबर पुडीत मिळतं, त्यातून अंकुशरावांनी तो स्वतः घडवला होता, बोट नीट बसावं म्हणून आतून जरासा दाबलाही होता.  शकुबाईंनी घाईने जावयासाठी दुसरा कप आणला.

बालाजी गुलबर्ग्याहून मोटारसायकलवर मंठाळला बायकोला न्यायला आला होता. तेवढ्या रस्त्यासाठी त्याने गुडघ्यांवर कवचं, कोपरांवर कवचं आणि छातीवर परदेशी कंपनीचं नाव चढवलं होतं. लढाईहून आल्यासारखा तो खुर्चीत बसला होता. अंबिका दोन महिने माहेरी होती. "तिथं मला माणसात धरत न्हाईत. मी जाणार न्हाई," असं तिने आल्या दिवशीच सांगितलं होतं. शकुबाईंनी ते ऐकून घेतलं, आणि आज सकाळी तिची सुटकेस भरून बैठकीत आणून ठेवली.

बालाजीने चहा पिता पिता खोलीवर नजर फिरवली. चार्जरच्या वायरीला लाल रबर. बादलीच्या कडीला काळं. टेबलाच्या एका पायाला निळं. एकेक ठिगळ दिसलं की तो बोट दाखवायचा आणि नाकातून हसायचा.

"घर आहे का पंक्चरचं दुकान? आमच्याकडं वस्तू बिघडली की आम्ही फेकतो. दुसरी आणतो." दाराशी उभ्या असलेल्या अंबिकेकडे बघून तो म्हणाला, "हिला माहीत आहे."

"खूळच लागलंय त्यांना," शकुबाई म्हणाल्या. "पुडी एकदा फोडली की अर्ध्या तासात संपवावी लागती म्हणं, न्हाईतर रबर वाया जातंय. मग घरभर मोडकं हुडकत फिरतेत. काहीच घावलं न्हाई तर माझ्याकडं बघतेत."

बालाजी मोठ्याने हसला. हसताना त्याने पाय लांब केले, तेव्हा त्याच्या डाव्या बुटाचा चवडा दिसला. गिअरचा दांडा घासून घासून तिथलं चामडं फाटलं होतं. अंकुशरावांच्या नजरेतून असं काही सुटत नसे.

"बुटाला लावून देऊ का?" त्यांनी भीत भीत विचारलं. "काळी पुडी हाय एक. दिसणार बी न्हाई."

"लावा की. जावयासाठी काहीतरी केल्यासारखं होईल."

त्याने बूट काढला नाही. पाय तेवढा पुढे केला.

 अंकुशराव खाली बसले. त्यांनी पुडी फोडली, रबर कणकेसारखं मळलं, बुटावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि फाटलेल्या जागेवर पट्टी बसवली. कडा बोटाने इतक्या निगुतीने दाबल्या, की चामडं कुठे संपतं आणि रबर कुठे सुरू होतं ते कळेना. त्यांच्या डोक्यावरून बालाजी मोबाईल बघत होता. अंबिका दोघांनाही बघत होती.

"झालं," अंकुशराव म्हणाले. "आता चोवीस तास धक्का लावायचा न्हाई. आजच्या दिवस ऱ्हावा तुमी."

"चोवीस तास? बूट आहे का लोणचं, मुरत ठेवायला?"

बालाजी उभा राहिला. त्याने टेबलाच्या आडव्या दांडीखाली चवडा घातला आणि गिअर टाकावा तसा झटक्यात वर उचलला. पट्टी सरकली, चुरगळली आणि दांडीला चिकटून बसली.

"बघा. टिकलं?" त्याने सासऱ्यांना विचारलं. मग दाराकडे वळून म्हणाला, "चल गं. बॅग उचल. ऊन व्हायच्या आत निघू."

अंकुशराव अजून खालीच होते. सुपारीएवढा गोळा त्यांच्या तळहातावर उरला होता. एरवी अशा वेळी ते लगबगीने उठून मोडकं शोधत फिरले असते. आज ते नुसते तळहाताकडे बघत राहिले.

अंबिका आत आली. तिने वडिलांच्या हातावरून गोळा उचलला, सुटकेसजवळ मांडी घालून बसली आणि हँडलवर रबर पसरू लागली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अगं, काय करायलीस?" शकुबाई म्हणाल्या.

"दुरुस्त करायलेय."

बालाजीने वाकून पाहिलं. "हँडल तर धड आहे. कुठं तुटलंय?"

"तुटायची वाट बघत बसू?"

हे ती त्याच्याकडे न बघता बोलली. अंगठ्याने कडा दाबण्यात तिचं सगळं लक्ष होतं. शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. बालाजी पुन्हा एकदा नाकातून हसला, पण या वेळी त्याच्यासोबत हसायला कोणी नव्हतं.

"नाटकं बंद कर," तो म्हणाला आणि त्याने सुटकेसकडे हात नेला.

अंकुशरावांना उठायला वेळ मिळाला नाही. ते बसल्या बसल्याच सरकले आणि मध्ये आले. 

"हात लावू नका, जावईबापू," ते म्हणाले. "ओलं हाय अजून."