लांबलेला सीन

आईच्या खुनावर सिनेमा काढायला रितिकाने एकाच अटीवर परवानगी दिली होती. तयार सिनेमा सगळ्यांच्या आधी तिला दाखवायचा.

नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी, वाडीच्या घरात, ती वरच्या खोलीत कूलर लावून झोपली असताना खाली चोर शिरला होता. "पहिल्याच घावात गेल्या, तोंडातून आवाजसुद्धा निघाला नसेल," असं ठाणेदार तेव्हा म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या आधारावर रितिकाने ही नऊ वर्षं काढली होती.

सिनेमातली आई मात्र दोन मिनिटं जमिनीवर पडून हाका मारत होती. "रितू, खाली ये वं... रितू..." आणि चोर शांतपणे कपाट उचकत होता.

रितिकाने लॅपटॉप बंद केला.

"हा सीन काढा," ती सिनेमाच्या लेखकाला, पियूषला म्हणाली. "लोकांले रडवायसाठी काहीही वाढवून राहिले तुम्ही. माझ्या आईले एक हाक मारायलाही वेळ भेटला नव्हता."

पियूष गडबडला. "वाढवलं नाही, ताई. त्या माणसाले आम्ही जेलमध्ये जाऊन भेटलो. त्यानंच सांगितलं सगळं."

"काय सांगितलं त्यानं?"



"तुमच्या आई अर्धा तास तुम्हाले हाका मारून राहिल्या होत्या. पब्लिक कंटाळेल म्हणून आम्ही दोनच मिनिटं ठेवली."