चार दिवसांची शांतता

"शिट्ट्या मोजा, शकिलाचे अब्बा," मेहरुन्निसा कांदा चिरता चिरता म्हणाली. "चार झाल्या की सांगा."

फखरुद्दीन स्टोव्हसमोर बसला आणि कुकरवर नजर रोवून राहिला. शिटी वर उचलली गेली, वाफ सुटली: एक. मग दुसरी. चौथीला त्याने हात वर केला. मेहरूने स्टोव्ह बंद केला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

कारण फखरुद्दीनला ऐकू येत नव्हतं. कामतघरच्या कापड कारखान्यात जॉबर म्हणून तीस वर्षं लूम दुरुस्त करता करता कान गेले होते, शेवटची दोन वर्षं तर पार. भिवंडीत कुणाला पत्ता लागला नव्हता. त्या खटखटाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात, आणि याचं घर कारखान्याच्याच माडीवर, त्यामुळे घरातही तीच तऱ्हा. बिघडलेला लूम तो हल्ली तळहात टेकवून ओळखायचा.

पण सेठला कळलं तर? बहिरा जॉबर कोण ठेवणार? आणि मेहरूला कळलं म्हणजे सेठला कळलंच म्हणून समजा, तिच्या पोटात काही राहत नसे. बायकोपासून लपवायची त्याला लाज वाटायची, आणि भीती त्याहून जास्त.

म्हणूनच सुट्टीचं नाव निघताच त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले. पण गुडघ्यांना गरम पाण्याची कुंडं मानवतील असं डॉक्टर बोलले, आणि शेलार गावात दिलेल्या लेकीने, शकिलाने, अकलोलीच्या कुंडांजवळ रानाच्या कडेचं एक कॉटेज ठरवूनच टाकलं. खोली, स्टोव्ह, भांडी त्यांची. शिधा आणि स्वयंपाक आपला. शहाण्णव सालचा जानेवारी होता. रानातल्या शांततेत आपण उघडे पडणार, या धास्तीत एसटीतला सगळा रस्ता गेला.

पहिल्या सकाळी मेहरू चहा घेऊन ओट्यावर आली आणि त्याच्या समोर बसली.

"किती शांत हाय, न्हाय?"

"टाचणी पडली तरी ऐकू येल," फखरुद्दीन म्हणाला.

समोरच्या सागावर एक पक्षी चोच उघडून बसला होता. "काय गोड गातंय," मेहरू म्हणाली.

"सकाळपासनं गातंय," त्याने ठोकून दिलं.

शेजारच्या कॉटेजमध्ये ठाण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. दुपारीच त्यांनी सामान बांधलं आणि तोंडं वाकडी करून निघून गेले. "शहरातल्यांना रान सोसत न्हाय," मेहरू म्हणाली.

मग दिवस मजेत गेले. सकाळी कुंडावर आंघोळ, मग तो मासळी साफ करायचा आणि ती भाकऱ्या थापायची. घरी दोघांना असा निवांतपणा कधी मिळाला नव्हता. भिंतीला पाठ टेकली की अंगात बारीक थरथर जाणवायची. लूम हाडांत भिनलेत, दुसरं काय, असं म्हणून तो मनाशी हसायचा. गुडघेही हलके झाले होते.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र त्याला राहवेना. इतकी वर्षं संसार केला आणि हिच्यापासून चोरी, याने त्याचं मन खाल्लं.

"मेहरू, एक बोलाचं होतं."

"बोला की." तिने कंदील उचलून दोघांच्या मधे ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

त्या नजरेपुढे त्याचं धाडस गळालं. "भात झकास झाला," तो म्हणाला.

"इतकंच?" मेहरू क्षणभर घुटमळली आणि उठून भांडी आवरू लागली.

चौथ्या सकाळी राखणदार लडकू किल्ली न्यायला आला. मेहरू दारात बोचकं बांधत होती. लडकूने दोघांपुढे हात जोडले. बोलताना त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

"माफी करा, चाचा. त्या टेकाडामागं खडीची मशीन लागलीय. चार दिस सकालपासनं सांजपर्यंत निस्ती खडखड. शेजारची मानसं अर्ध्या दिसात पलाली. तुमी दोघं कशी ऱ्हायलात, मना तं नवल वाटतंय. आता बी बगा, वरडल्याबिगर बोललेलं ऐकू येत न्हाय."

बोचक्याच्या गाठीवरचे मेहरूचे हात थांबले. फखरुद्दीनने तिच्याकडे पाहिलं. ती आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होती.