पसंत, नको

मावशीची लग्न जमवायची वेबसाइट इतकी संथ होती की मुलाचा फोटो अख्खा दिसेपर्यंत मुलाचे केस पिकायचे. गिऱ्हाइकं कंटाळून पळायला लागली, तशी मावशीने साइट दुरुस्तीला भाच्याकडे दिली. त्याचा धंदाच तो. पान उघडायला किती वेळ लावतं, बोट लावल्यावर किती चटकन हलतं आणि उघडता उघडता किती उड्या मारतं, या तिन्ही परीक्षांत त्याने साइट पहिल्या नंबराने पास करून दाखवली.

तेव्हापासून एक लग्न जमेल तर शपथ. मावशी तणतणत भाच्याच्या घरी आली.

"मेल्या, काय करून ठेवलंस? सगळे नुसते 'नको' दाबत सुटलेत! आता टाळं लावू का मी धंद्याला?"

"मावशी, लोकांना आधीही 'नको'च दाबायचं असायचं," भाचा शांतपणे म्हणाला. "पण ऐन वेळी वर जाहिरात उगवायची, बटणं खाली सरकायची आणि बोट नेमकं 'पसंत'वर पडायचं. तो दोष मी काढून टाकला."

"दोष काय म्हणतोस रे? तुझंसुद्धा याच साइटवर जमलं ना!"

शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली.

 

"आणि मी इतकी वर्षं चष्म्याला दोष देतेय."