बाहेरचं बटण

अंगाला साबण लागला रे लागला की गीझरचा लाल दिवा विझायचा आणि शॉवरचं पाणी गारढोण पडायचं. भाऊसाहेबांनी थर्मोस्टॅट बदलला, कॉइल बदलली, वायरिंगसुद्धा नवं टाकून घेतलं. "काका, गीझर ठणठणीत आहे तुमचा," म्हणत इलेक्ट्रिशियननेही शेवटी हात टेकले. निवृत्त माणसाला आता दुसरा उद्योग काय? आज चोर पकडायचाच, असं ठरवून ते न्हाणीघरात शिरले होते.

दिवा विझताच त्यांनी पंचा गुंडाळला आणि साबणाने माखलेल्या अंगानेच खाडकन दार उघडलं. बाहेर बायको उभी होती. तिचं बोट अजून बटणावरच होतं.

"अगं, तू? वेड लागलंय का तुला?"

ती दचकली नाही की तिने बोटही मागे घेतलं नाही. शांतपणे म्हणाली, "पुरे झालं ऊन पाणी. शरीराचे लाड करावेत तरी किती माणसाने?"

वाक्य ओळखीचं होतं. त्यांचंच होतं. थोरलीच्या वेळी ती ओली बाळंतीण असतानाही, असंच बाहेरून बटण बंद करून, ते रोज तिला हेच ऐकवायचे.

अंगावरचा फेस थिजू लागला होता. भाऊसाहेब कुडकुडत म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मारत होते की हाका आतून. तुम्ही रेडिओ मोठा करायचात."