सरकारी महंत

पंच मठात बसले होते आणि दाराला आतून कडी होती. महंत वारले की नवं नाव ठरेपर्यंत दार उघडायचं नाही, अशी त्या मठाची रीत होती.

मानोरा गावाजवळच्या त्या बंजारा तांड्याला नाव आधीच ठाऊक होतं. नानाजी. थोरला चेला. आणीबाणी लागली तरी भर बाजारात सरकारला शिव्या घालणारा. धाकटा चेला सेवालाल कोणाच्या हिशेबातही नव्हता. चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

दुपारी जीप आली. प्रांतसाहेब उतरले, मागून पोलीस.

"आमचं सरकार निधर्मी आहे," साहेब म्हणाले. "गादीवर कोण बसतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. दार उघडा."

दार उघडलं. साहेबांनी पंचांना ओसरीवर बसवलं आणि दोन्ही चेल्यांना एकेक करून आतल्या खोलीत बोलावलं. थोड्या वेळानं शंख वाजला. लोक आत घुसले, तर गादीवर सेवालाल. पंच जमिनीकडे बघत होते.

"सरकारनं गादी घेतली!" नानाजी ओरडला. "आता न्या म्हना समद्यायले जीपीत घालून!"

कशासाठी, ते कोणाला सांगावं लागलं नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं धरून नसबंदीला नेत होते. पोरबाळ नसलेलेही त्यातून सुटले नव्हते.

सेवालालची थोरली बहीण मोतीबाई गर्दीतून पुढं झाली. गादीसमोर थुंकली.

"काहून रे सेव्या? एवढी हौस होती तुले गादीची?"

सेवालाल समईची वात पुढं सारत राहिला.

नानाजी त्याच दिवशी तांडा सोडून वाशीमला गेला. लोक वेशीपर्यंत रडत गेले. त्यानंतर मठात दिवा लागे, आरती होई, पण प्रसादाला हात पुढं येत नसे. एकटी म्हातारी रुपाबाई सेवालालला भाकर नेऊन द्यायची. तिला अर्धंमुर्धंच ऐकू यायचं, म्हणून तिला कोणी बोललं नाही.

जीप येतच राहिली. पण ती यायच्या आधी रुपाबाई दारोदार फिरून जायची. मानोऱ्याच्या बाजारात ती सरपण विकायची, तिथं तिला म्हणे निरोप मिळायचा.

"नानाजी महाराजानं सांगतलं. गडीमानसायनं रानात निघून जा."

गडी रानात जात. पोलिसांना रिकामे गोठे आणि चुलीपुढं बसलेल्या बाया दिसत. मोतीबाईचा नवरा असाच दर वेळी वाचला. तिनं देवाशेजारी नानाजीचा फोटो लावला.

एकदा पोलिसांनी सेवालाललाच जीपमध्ये घालून नेलं. परत आला तो लंगडत, एक डोळा सुजलेला.

"सरकारी पाहुणचार जास्त झाला वाटते," मोतीबाई पाणवठ्यावर म्हणाली. बाया हसल्या. सेवालाल तिथूनच घागर घेऊन जात होता. थांबला नाही.

मग निवडणूक झाली. दिल्लीतलं सरकार पडलं. वाशीमहून नानाजी हार घालून आला, बैलगाडीपुढं डफडी वाजत होती. पंचांना पुन्हा कडी लावायची गरज पडली नाही.

"खाली उतर," मोतीबाई भावाला म्हणाली.

सेवालाल उतरला. तिनं त्याची घोंगडी दाराबाहेर भिरकावली. त्यानं ती उचलली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

"बाई, जातो," एवढंच म्हणाला.

"तोंड काळं कर!"

तो लंगडत वाशीमच्या वाटेला लागला. मागून पोरांनी ढेकळं मारली. मोतीबाईनं पोरांना अडवलं नाही.

संध्याकाळी प्रांतसाहेब आले. सरकार बदललं होतं, साहेब तेच होते. त्यांनी सगळ्यांसमोर नानाजीच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग दोघं आतल्या खोलीत जाऊन बसले. मोतीबाई चहा घेऊन गेली. साहेबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चहा देणारी बाई त्यांच्या लेखी भिंतीसारखीच होती.

"मागल्या वेळेचा राग नाही ना, महाराज?" साहेब हसत म्हणाले.

"गेलं ते गेलं," नानाजी म्हणाला.

"तुमच्यासारखा समजदार माणूस सोडून मी चुकलो. पण काय करणार? नसबंदीला तुम्ही अर्धा तांडा देतो म्हणालात. तो म्हणाला सगळा देतो, म्हणून त्याला बसवला. जीप केव्हा येणार ते दर वेळी फक्त त्यालाच कळवत होतो, आणि हरामखोरानं मार खाल्ला, पण एक माणूस माझ्या हाती लागू दिला नाही."