दहाच्या आत

"वरचं पान चोवीस, मधलं एकतीस, खालचं सतरा," सावंगीत कीड मोजणारा वैजनाथ फोनवर सांगत होता. "पानामागं नुसता मावाच मावा, ताई. पानं चिकट झालीत. लोक विचारतात, फवारणीचा सल्ला कधी येणार?"

"वरून येतो तो. बघते," श्रद्धा म्हणाली आणि कॉम्प्युटरवर सावंगीच्या ओळीत तिनं आठ, नऊ, सात असे आकडे भरले.

बिबवेवाडीतल्या त्या ऑफिसात दर बुधवारी कपाशीच्या गावांमधून मावा या रसशोषक किडीची मोजणी यायची. पानामागे दहाच्या वर मावा निघाला की त्या गावाला फवारणीचा सल्ला जायचा आणि त्याबरोबरच औषधही. सावंगी हे श्रद्धाचंच गाव, पार यवतमाळकडचं.

गावात पाठीवर पंप बांधून फवारणीला जाणारे चारच गडी होते. त्यातला एक तिचा धाकटा भाऊ सुदर्शन. मागच्या हंगामात विष अंगात भिनून तो आठ दिवस दवाखान्यात पडला होता. पुन्हा असं झालं तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. हे काम सोड म्हणून श्रद्धानं त्याच्या हातापाया पडून पाहिलं.

"दुसरं काम काय हाय इथं?" एवढंच तो म्हणाला.

शेवटी तिनं इकडे शहरात, मंडईत हमालीचं काम बघून ठेवलं, तेव्हा कुठे गडी दिवाळीनंतर यायला कबूल झाला. तोवर त्याला फवारणीपासून लांब ठेवायचं होतं. सल्ला नाही तर औषध नाही, औषध नाही तर फवारणी नाही.

गावाची कपाशी हातची जातेय, हे तिला कळत होतं. लाजही वाटायची. पण भाऊ एकच होता.

नदीपलीकडच्या बोरखेडीचे आकडे बावीस, सव्वीस, एकोणीस आले होते. ते तिनं जसेच्या तसे भरले. तेवढा प्रामाणिकपणा अजून शिल्लक होता.

"अहो श्रद्धाबाई," तिचे साहेब, रंगनाथ, पडद्याकडे वाकून म्हणाले, "तुमच्या गावचा मावा फारच शिस्तीचा हो. पलीकडे धुमाकूळ, आणि नदी ओलांडली की दहाच्या आत."

"पाऊस झाला असेल, सर."

"फक्त अलीकडच्या काठाला? वा! सोमवारी मी स्वतः जाऊन मोजतो."

सोमवारी दुपारी टेबलावरचा फोन वाजला. साहेब सावंगीला पोचले असणार. नोकरी गेली तर गेली, भाऊ तरी वाचला, असं मनाशी म्हणत तिनं फोन उचलला.

फोनवर तिची आई होती, गोदाबाई.

"आपला सुदर्शन गेला वं, पोरी. फवारता फवारता पडला, तो उठलाच नाई."

"फवारता? आई, आपल्याकडे फवारणी आहेच कुठे?"

"नाई ना. आपल्याकडं सल्लाच नाई आला. घरी बसून काय करू, म्हने. सकाळीच पंप घेऊन बोरखेडीले गेलता."